जाहिरातीत २५,५००–८१,१००, मग हातात किती? भाच्यासाठी मत हवंय

कळंब्याचा मामा

भाच्याचं नाव तलाठी भरतीच्या निवड यादीत लागलंय, जिल्हा रत्नागिरी. पोरगं बी.ई. मेकॅनिकल, सध्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये. हातात ३८ हजार. घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते डोळे झाकून जा. दाजी म्हणतात, तेवढ्याच पैशासाठी आंबा घाट कशाला उतरायचा?

ताईच्या डोक्यात ८१,१०० बसलाय. तो आकडा आधी काढून टाका. तलाठ्याच्या पगारपट्टीत, म्हणजे एस-८ स्तरात, ४० टप्पे आहेत आणि वेतनवाढ वर्षाला एकच, साधारण ३ टक्के. नुसत्या वेतनवाढीवर शेवटच्या टप्प्याला जायला ३९ वर्षं लागतात. ५८ ला निवृत्ती धरली तर आज २५ वर्षांच्या पोराकडं तेवढी नोकरीच नाही. दहा वेतनवाढी झाल्या की मूळ पगार होतो ३४,३००. बस्स.

आता दाजींचं. मूळ २५,५००. महागाई भत्ता जानेवारी २०२५ पासूनच्या ५५ टक्क्यांनी १४,०२५. घरभाडं रत्नागिरीत १० टक्के, म्हणजे २,५५०. झाले ४२,०७५. वर थोडा वाहतूक भत्ता. त्यातून एनपीएसचे (नव्या पेन्शन योजनेचे) १० टक्के (मूळ अधिक महागाई भत्त्यावर) ३,९५२, व्यवसाय कर २००, गटविमा. हातात ३८-३९ हजार येतात, म्हणजे आज बरोबरी, इथवर दाजी बरोबर. पण सरकार स्वतःचे १४ टक्के, ५,५३३ रुपये, दर महिन्याला वेगळे भरतं. पोराच्या कंपनीत पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापतात, मालकाचा वाटा १,८००. आणि पीएफवाली पेन्शन? १५ हजार गुणिले ३५ वर्षं भागिले ७०. साडेसात हजार. म्हातारपणी!

माझं मत: नेमणूक नियमित वेतनश्रेणीत असेल तर जावं. मानधनाची असती तर मीच नको म्हटलं असतं. तुम्ही काय म्हणता?

शिरोली पुलाची

मामा, हिशेब चोख हाय, पण एकाच वहीतला. माझा छोटा कारखाना आहे, माणसं ठेवतो म्हणून बोलतो. ३ टक्के वाढ मी दिली तर पोरगं दुसऱ्या दिवशी गोकुळ शिरगावला जाऊन हजर होईल. ज्याला प्रोग्रॅमिंग येतं, फिक्श्चरचं डिझाईन येतं, तो दर दोन-तीन वर्षांनी जागा बदलतो आणि प्रत्येक बदलीत पगार उडी मारतो. तुम्ही सरकारी बाजूची दहा वर्षं मोजली, खाजगीची मोजलीच नाहीत. तिथं आजचेच ३८ हजार धरून बसलाय.

आणि चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून फेरफार नोंदी करायच्या?

कळंब्याचा मामा

उडी मारणारे तुमच्याकडं दहातले किती? बाकीचे सात-आठ जण तिथंच असतात की. शिवाय गाड्यांचा धंदा मंदावला की फौंड्रीची तिसरी पाळी आधी बंद होते, मग दुसरी. उद्यमनगरात जन्म गेलाय माझा, मला नका सांगू.

शिरोली पुलाची

बंद होते, खरंय. पण हेल्पर जातो, सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) जात नाही. सेटरला मी घरी बसवून पगार दिलाय, कारण तो एकदा गेला की परत मिळत नाही.

भोगावतीकाठ

आयला, तलाठ्याचा पगार कोण मोजतंय रं 😄 पगार बँकेत तसाच ठेवायचा असतो म्हणं.

अव्वल कारकून (निवृत्त)

भोगावतीकाठ, विनोद जुना झाला. प्रत्येक कार्यालयात लाचलुचपत खात्याच्या १०६४ चा फलक लावलेला असतो, तो शोभेला नाही. सापळ्यात सापडला की निलंबन, सुरुवातीला अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता आणि पुढं कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या. माझ्या डोळ्यांदेखत दोन घरं बसली. वरकमाई धरून पगार मोजणाऱ्यानं ही नोकरी करूच नये.

मामा, तुमच्या हिशेबात एक राहिलं. बढती नाही मिळाली तरी १०, २० आणि ३० वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेत वरची श्रेणी मिळते. शिवाय मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार ही वाट आहेच, संथ असली तरी. त्यामुळं ३४,३०० वर गाडी थांबत नाही. काम मात्र सोपं समजू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळकडं पंचनामे करताना गुडघाभर गाळातून घरोघर फिरलोय. अनुदान कमी आलं की शिव्या मंत्र्याला पडत नाहीत, समोर उभा असतो त्याला पडतात.

तपोवन मैदान

काका, आदर ठेवून बोलतो. तुम्ही जुन्या पेन्शनवाले. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना ती नाही. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेलो ते काय हौसेनं? तुमच्या पिढीचं सुख बघून आमच्या पिढीला सल्ला देऊ नका.

अव्वल कारकून (निवृत्त)

मी पेन्शनचा शब्दही काढला नव्हता. पण काढलातच तर मामांनी लिहिलेले १४ टक्के परत वाचा. मालकाच्या १,८०० पेक्षा ते तिप्पट आहेत.

तपोवन मैदान

बाजारावर अवलंबून असलेले १४ टक्के. जाऊ दे. तरी मी असतो तर घेतली असती, आठवा वेतन आयोग आलाय की दारात.

राजारामपुरी आठवी गल्ली

वेतन आयोगावर बेत करणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. तो केंद्राचा. राज्य आपल्या सवडीनं लागू करतं. सातवा १ जानेवारी २०१६ पासूनचा, पण राज्यात वाढीव पगार प्रत्यक्ष सुरू झाला २०१९ मध्ये. मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत. आज हातात पडणार तेवढंच धरा, आयोगाचं आलं तर बोनस.

मी स्वतः सरकारी बँकेत आहे. माझ्या मते मामा आणि शिरोलीवाले दोघंही गावाचा प्रश्न टाळताहेत. आमच्या स्केल-एक (पहिल्या पायरीच्या) अधिकाऱ्याचा मूळ पगार ४८,४८० पासून सुरू होतो, क्लार्कचा २४,०५०. कागदावर दुप्पट. तरी माझ्या ओळखीच्या दोघींनी बढतीचा फॉर्म भरला नाही, कारण अधिकारी झालं की देशात कुठंही. घर चालवणाऱ्या बाईला ४८ हजारातून दोन स्वयंपाकघरं, मुलांची शाळा आणि महिन्याचा प्रवास वजा करावा लागतो. तुमच्या भाच्याला आज राहतं घर आहे, दूध घरचं, डबा आईचा. रत्नागिरीत भाडं, खानावळ आणि शनिवारी गावाकडं येणं. बरोबरी कुठली? पहिली काही वर्षं महिन्याला आठ-दहा हजारांनी तो मागंच राहणार.

कळंब्याचा मामा

हे पटण्यासारखं आहे. गंमत बघा, हीच नोकरी कोल्हापूर शहरात असती तर घरभाडं २० टक्के, ५,१०० रुपये मिळालं असतं, तेही स्वतःच्या घरात राहून! जिथं भाडं द्यायचंय तिथं अर्धं. पुढं जिल्हा बदलून घेता येईल म्हणतात.

अव्वल कारकून (निवृत्त)

येईल, पण नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता यादीच्या तळाला. बढती लांबते. त्यामुळं बदली करायची तर लवकर करायची, दहा वर्षं घालवून नाही.

फुलेवाडीची बाई

मामांच्या ‘मानधन असेल तर नको’ ह्याला माझा सक्त विरोध. मी शिक्षण सेवक आहे, प्राथमिकला. १६ हजार मानधन, तीन वर्षं. (२०२३ च्या आधीच्यांना सहा हजार होतं, त्यांनी काय केलं असेल कुणास ठाऊक.) महावितरणच्या विद्युत सहाय्यकाचंही तसंच, तीन वर्षं मानधन, मग तंत्रज्ञ. ही काटकसरीची तीन वर्षं असतात, पण पलीकडं श्रेणी असते.

ती आणि अकरा महिन्यांची कंत्राटी ऑर्डर एका मापात कशी मोजता? माझी जाऊ आरोग्य विभागात कंत्राटी आहे. दर अकरा महिन्यांनी एक दिवसाचा खंड, नवी ऑर्डर, पुन्हा तीच धाकधूक. तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. सासूबाईंना मात्र दोघीही ‘सरकारी’. पाहुण्यात सांगताना तर विचारूच नका.

शिरोली पुलाची

ताई बरोबर बोलल्या. माझ्याकडचा एक चांगला क्वालिटीचा पोरगा असाच अकरा महिन्यांच्या ‘सरकारी’ला गेला, का तर लग्न जमंना. लग्न जमलं, ऑर्डर संपली.

भोगावतीकाठ

मग आता लग्न चालू हाय का अकरा महिन्यांचं 😄

कळंब्याचा मामा

फुलेवाडीच्या ताई, मी अकरा महिनेवाल्यांबद्दलच बोलत होतो. शिक्षण सेवकाची गोष्ट वेगळी, मान्य. पण ज्याच्या डोक्यावर घरकर्जाचा हप्ता आहे त्यानं १६ हजारात तीन वर्षं काढायची कशी, ते मला अजून कुणी सांगितलं नाही. नवऱ्याचा पगार होता म्हणून तुमचं निभलं असणार.

फुलेवाडीची बाई

नवऱ्याचा नाही, सासऱ्यांच्या उसाचा. तोही दोन हप्त्यांत.

शिरोली पुलाची

बरं, पोरगं जाणारच असेल तर एवढं ऐका. निवड यादी म्हणजे नियुक्ती आदेश नव्हे. कागदपत्रं, चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय, सगळं व्हायचंय. आदेश हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नको म्हणावं. आणि नोटीस किती दिवसांची आहे ते नेमणूकपत्र काढून बघा.

कळंब्याचा मामा

तीस दिवस. खरी अडचण ग्रॅच्युइटीची. कंपनीत पाच वर्षं व्हायला नऊ महिने राहिलेत. दाजी म्हणतात, रुजू व्हायला मुदतवाढ मागावी.

अव्वल कारकून (निवृत्त)

नऊ महिने कोण थांबवणार? महिनाभर मिळाला तरी नशीब. त्याचा मूळ पगार किती?

कळंब्याचा मामा

वीस हजार, बाकी भत्ते.

अव्वल कारकून (निवृत्त)

मग पंधरा भागिले सव्वीसच्या सूत्रानं पाच वर्षांचे ५७ हजार आणि काही. दीड महिन्याच्या पगाराएवढे. तेवढ्यासाठी ज्येष्ठता घालवायला निघालेत दाजी? आदेशावर रुजू होण्याची शेवटची तारीख लिहिलेली असते, ती आली की इथं टाका.