सुन यिंगशाला हरविणारी अयहिका ऑलिंपिकच्या संघात का नव्हती? निवड नेमकी कशी होते?

कपाशीवाले, दारव्हा (यवतमाळ)

माझी मुलगी आठवीत आहे. शाळेतल्या एकुलत्या एका टेबलावर, तेही बाके सरकवून जागा मोकळी झाली तर, सराव करीत ती यंदा शालेय स्पर्धेत अमरावती विभागापर्यंत पोहोचली. त्यामुळे घरात आता टेबल टेनिसच्या बातम्या आवर्जून वाचल्या जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत अयहिका मुखर्जीने तेव्हा जगात अव्वल असलेल्या चीनच्या सुन यिंगशाला हरविले. मात्र त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकसाठी तिला राखीव ठेवून तिसरी जागा अर्चना कामतला देण्यात आली. पारावरच्या मंडळींनी ‘वशिल्याशिवाय काही होत नाही’ असा निकाल लगेच देऊन टाकला. मला तो पटत नाही, परंतु खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना रॅकेटवाला, अमरावती

भाऊ, पॅरिसची निवड जागतिक क्रमवारीवरून झाली आणि त्या क्रमवारीत अर्चना अयहिकाच्या पुढे होती. ही क्रमवारी खेळाडूच्या मागील बारा महिन्यांतील सर्वोत्तम आठ निकालांच्या गुणांवरून ठरते, त्यामुळे एखादा विजय कितीही मोठा असला तरी वर्षभराची बेरीज तेवढ्याने उलटत नाही. शिवाय जागतिक सांघिक स्पर्धेला पाच जणींचा संघ जातो, तर पॅरिस ऑलिंपिकला तिघींचाच होता. बुसानच्या पाचांत अयहिका आणि अर्चना दोघीही होत्या; पॅरिसला मनिका बत्रा आणि श्रीजा अकुला यांच्यानंतर एकच जागा उरली होती. पुढे पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीविरुद्ध भारत १-३ असा हरला, तेव्हा तो एकमेव विजय अर्चनाचाच होता, हेही पारावर सांगावे.

स्कोअरशीट, नागपूर

वरील माहिती बरोबर आहे, पण पारावरच्या मंडळींना मी पूर्णपणे चूक ठरविणार नाही. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी जे निकष होते, त्यांत देशांतर्गत कामगिरीला ५० टक्के, आंतरराष्ट्रीय कामगिरीला ३० टक्के आणि निवड समितीच्या मताला २० टक्के वजन होते. वीस टक्के ऐकायला थोडे वाटतात. परंतु त्या संघातील चौथ्या, म्हणजे शेवटच्या जागेसाठी झगडणाऱ्या दोघींमध्ये मुळातच थोड्या गुणांचे अंतर असेल, तर संपूर्ण निवड त्या वीस टक्क्यांतच होते. त्या वेळी आधी वगळली गेलेली मुंबईची दिया चितळे दिल्ली उच्च न्यायालयात गेली, यादी बदलली, दिया आत आली आणि अर्चना बाहेर गेली. त्याच्या आदल्या वर्षी राष्ट्रीय शिबिराला हजर न राहणाऱ्यास संघात घेणार नाही, या नियमाविरुद्ध मनिका बत्रा याच न्यायालयात गेली होती. न्यायालयाने त्या नियमाला स्थगिती दिली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तर भारतीय टेबल टेनिस महासंघाचा कारभार प्रशासकांच्या समितीकडे सोपविला. निकष कागदावर असणे आणि ते खेळाडूला हंगामाच्या आरंभीच ठाऊक असणे, यांत फार अंतर आहे. माझ्या मते समितीच्या मताला एकही टक्का ठेवू नये.

जुना रॅकेटवाला, अमरावती

येथे मात्र मी सहमत नाही. अयहिका बॅकहँडला अँटी-स्पिन, म्हणजे चेंडूची फिरकी मारणारे रबर वापरते. अशा रबरावरून येणारा निर्जीव चेंडू ज्यांना रोज खेळायला मिळत नाही, ते मोठे खेळाडूही गोंधळतात. चीनसमोर अशी खेळाडू उतरवावी, हे कोणतीही क्रमवारी सांगत नाही. ते अनुभवी डोळ्यालाच दिसते. दुहेरीची जोडी जमते की नाही, हेही आकड्यांत दिसत नाही. समितीचे मत राहू द्यावे, फक्त ते कोणत्या कारणाने दिले हे लिहून जाहीर करावे. आणि क्रमवारी तरी कुठे सर्वांना सारखी आहे? तिचे गुण परदेशी स्पर्धा खेळूनच मिळतात. विमानाचे तिकीट ज्याला परवडते, त्याच्याच आठ निकालांची बेरीज भरते.

कपाशीवाले, दारव्हा

दोघांचेही आभार. आमच्याकडे सध्या नागपूरच्या एसटीचेही तिकीट विचार करून काढावे लागते, तेव्हा विमानाचा मुद्दा लगेच कळला. आता घरचा प्रश्न विचारतो. विभागीय स्पर्धेतील मुलीची कामगिरी या सगळ्यात कुठे धरली जाते?

स्कोअरशीट, नागपूर

स्पष्टच सांगतो, महासंघाच्या क्रमवारीत ती धरली जात नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही शालेय स्पर्धांची वाट क्रीडा विभागाची आहे; दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षण यांसाठी ती मोलाची आहे, म्हणून सोडू नये. भारताच्या संघाकडे जाणारी वाट मात्र जिल्हा संघटनेकडील नोंदणी, राज्य मानांकन स्पर्धा, राज्याचा संघ आणि राष्ट्रीय मानांकन स्पर्धा अशी जाते. क्रिकेटसारखा विदर्भाचा वेगळा संघ येथे नाही, त्यामुळे आपल्या मुलींना मुंबई, पुणे, ठाण्याच्या मुलींशी झुंजूनच महाराष्ट्राच्या संघात यावे लागते. वयोगटही निराळे आहेत: शाळेत १४, १७ आणि १९, तर महासंघाकडे ११, १३, १५, १७ आणि १९ वर्षांखालील. पुढील हंगामात ती कोणत्या गटात बसते, ते आताच मोजून ठेवावे. नोंदणीपूर्वी ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांवरील तारीख एकच आहे ना, हेही पाहून घ्यावे. माझ्या ओळखीतील एका मुलाचा अख्खा हंगाम त्या घोळापायी गेला.