पुण्यातल्या जेएम (जंगली महाराज) रोडच्या सायकल ट्रॅकवरून रोज ऑफिसला: ४ हजारांत काय घेऊ, आणि चालणाऱ्यांमधून कशी जाऊ?

हातात_हँडल
कर्वेनगर ते शिवाजीनगर, एका बाजूने साधारण ७ किमी. जाताना सकाळी आठ, परतताना संध्याकाळी साडेसात. सायकल आहे: हायब्रिड, ७०० बाय ३५चे (३५ मिमी रुंद) टायर, व्ही-ब्रेक. नवी सायकल घ्यायची नाही, कृपया सुचवू नका. बजेट ४,००० रुपये. त्यात हेल्मेट, दिवे, घंटी आणि मडगार्ड बसवायचे आहेत.

रस्ता असा ठरवलाय: आधी एरंडवण्यातली कॅनॉलची वाट, मग जेएम रोडला पदपथालगतचा ट्रॅक. दोन्हीकडे चालणारे, कुत्री घेऊन येणारे, लहान मुलं असतात. वेग किती ठेवावा, ओलांडताना घंटी द्यावी की आवाज द्यावा, आणि संभाजी उद्यानापासून पुढे संध्याकाळी जी गर्दी असते तिथे काय करावं? कुर्ता-ओढणी घालून जाते, तेही लक्षात घ्या.

चेनगार्ड
४ हजारांत सगळं बसवायला गेलात तर प्रत्येक वस्तू कामचलाऊ मिळेल. पुढच्या दिव्यालाच ५,००० घाला. माझ्याकडे १,२०० लुमेनचा (लुमेन म्हणजे प्रकाशाचं माप) आहे, अॅल्युमिनियम बॉडी, यूएसबी-सी चार्जिंग. अख्खी वाट उजळते आणि समोरचा आपोआप बाजूला होतो. हेल्मेट नंतर घेतलंत तरी चालेल. शिवाय ३५च्या टायरऐवजी ४२चे घाला, फोर्कमध्ये जागा असेल तर.

सकाळचा_फेरा
मी चालणाऱ्यांपैकी आहे, म्हणून चेनगार्ड यांना सांगतो. समोरचा बाजूला होत नाही, डोळ्यांसमोर अंधारी येते म्हणून तो जागीच थांबतो. ट्रॅकवर तीव्र दिवा थेट तोंडावर आला की पुढचे काही सेकंद पायाखालचं झाकणही दिसत नाही. वयस्कर माणसांना पुन्हा नीट दिसायला आणखी वेळ लागतो. लुकलुकणारा दिवा तर त्याहून वाईट, कारण सायकल किती लांब आहे आणि किती वेगाने येतेय याचा अंदाजच बांधता येत नाही.

ताई, तुम्ही विचारून घेताय हे फार चांगलं. विचारणारे कमी.

स्पोककी
दिव्याचं आधी संपवू. जेएम रोडवर रस्त्याचे दिवे आहेत, तिथे तुम्हाला दिसायचं कमी आणि तुम्ही दिसायचं जास्त महत्त्वाचं आहे. त्यासाठी १००-१५० लुमेन पुरतात. कॅनॉलच्या वाटेवर झाडांची सावली आणि अंधार, तिथे ३००. त्यामुळे दोन-तीन पातळ्या असलेला ३००-४०० लुमेनचा दिवा घ्या. मागच्या लाल दिव्यासह संच १,१०० ते १,३०० मध्ये मिळतो. पाण्यासाठी किमान आयपीएक्स४ लिहिलेलं बघा.

कोन असा लावा. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा. दिवा जमिनीपासून ९० सेंमीवर असेल तर भिंतीवर प्रकाशाचा मधला ठिपका ४५ सेंमीवर, म्हणजे बरोबर निम्म्या उंचीवर आला पाहिजे. मग तो वाटेवर १० मीटर पुढे जमिनीला टेकतो आणि कुणाच्या डोळ्यांत जात नाही. रबरी पट्ट्याचा क्लँप खड्ड्यांनी हळूहळू फिरतो, त्यामुळे हँडलवर पांढऱ्या पेनने खूण करून ठेवा. ट्रॅकवर पुढचा आणि मागचा दोन्ही दिवे स्थिर.

मागचा दिवा सीटखालच्या दांड्याला लावा, सॅकला नाही. सॅक पाठीवर हलते, तोंड आकाशाकडे होतं आणि मागच्या गाडीला काहीच दिसत नाही. कुर्त्याचा मागचा भाग किंवा रेनकोट दिव्यावर येतोय का, हे कुणाला तरी मागून बघायला सांगा.

आइंडहोवनहून
इथे नेदरलँड्समध्ये कायदाच आहे: अंधारात पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा, दोन्ही न लुकलुकणारे आणि समोरच्याचे डोळे न दिपवणारे. घंटीही सक्तीची, २५ मीटरवर ऐकू गेली पाहिजे. १ जुलै २०१९ पासून सायकलवर फोन हातात धरला तर दंड होतो. हेल्मेट मात्र साध्या सायकलला सक्तीचं नाही आणि बहुतेक लोक घालतही नाहीत. ते पैसे वाचवून चांगलं कुलूप घ्या.

स्पोककी
@आइंडहोवनहून, तिथे ट्रॅक सलग आहे, चढउतार नाहीत, आणि वळणारी गाडी थांबते. जेएम रोडला दर काही मीटरवर सोसायटीचं नाहीतर दुकानाचं गेट आहे. हेल्मेट घ्याच. आत ईएन १०७८ (युरोप) किंवा सीपीएससी (अमेरिका) या सुरक्षा मानकाचं लेबल असलेलं, १,५०० ते १,७०० पर्यंत. कडा भुवयांच्या दोन बोटं वर, दोन्ही पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्हीसारख्या जुळलेल्या, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकीच ढील. मागची चक्री घट्ट केल्यावर पट्टा न लावता खाली वाकून बघा, पडलं तर माप चुकलं. एकदा डोक्यावर आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही. आतला थर्मोकोल दबला की परत फुगत नाही, बाहेरून धड दिसलं तरी.

जुना_अॅटलस
घंटीबद्दल कुणीच बोलेना. हँडलला लावायच्या नखाएवढ्या नाजूक घंट्या घेऊ नका. त्यांचा सूर फार वरचा असतो, आणि वय वाढतं तसे आधी वरचेच सूर ऐकू येईनासे होतात. सकाळी ट्रॅकवर निम्मी मंडळी साठीपुढची. जुन्या पद्धतीची ५५-६० मिमी घुमटाची, ट्रिंग-ट्रिंग घुमणारी घंटी घ्या, २०० रुपयांत येते. अंगठ्याच्या टप्प्यात, ब्रेकवरचं बोट न काढता वाजेल अशी बसवा. हवेचा नाहीतर बॅटरीचा भोंगा अजिबात नको. दचकलेला माणूस कुठल्या बाजूला उडी मारेल हे त्याचं त्यालाही माहीत नसतं.

आणि घंटी द्यायची १५ मीटर आधी. अगदी मागे येऊन द्यायची नाही.

चेनगार्ड
घंटीपेक्षा आवाज बरा. 'उजवीकडून येतोय' असं स्पष्ट सांगायचं.

जुना_अॅटलस
'उजवीकडून' ऐकलं की दहातले बरेच जण उजवीकडेच सरकतात, कारण कानावर तेवढाच शब्द पडतो. बोलायचंच असेल तर त्यांनी काय करायचं ते सांगा: 'काका, डावीकडे राहा.' नाहीतर नुसतं 'काकू, सायकल आहे मागे.' आणि गेल्यावर 'थँक्यू'. आधी घंटी दोनदा, प्रतिसाद नसेल तर आवाज, तरीही नसेल तर चालण्याच्या वेगाने मागे राहायचं. कानात इअरफोन असतील तर दोन्हींचा उपयोग नाही.

सकाळचा_फेरा
अॅटलसरावांशी सहमत. कुत्र्याचं राहिलं. मालक एका बाजूला, कुत्रा दुसऱ्या बाजूला, मध्ये दोरी. संध्याकाळी ती दोरी दिसत नाही. मालक आणि कुत्रा यांच्यामधून कधीही जायचं नाही, थांबून मालकाला दोरी आखडायला वेळ द्यायचा. लहान मुलाचंही तेच: मूल एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल तर घंटी ऐकून मूल आईकडे धावणार, म्हणजे तुमच्या चाकासमोरून.

ट्रॅक_कुठाय
इथे सगळे ट्रॅक असल्यासारखं बोलताय! २०१७ साली महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यानंतर भाड्याच्या सायकली आल्या आणि गेल्याही. प्रत्यक्षात ट्रॅकवर दुचाकी लावलेल्या, मध्ये विजेचे डीपी बॉक्स, टोकाला बोलार्ड (गाड्या अडवणारे खांब). आधी या पार्किंगचं काहीतरी करा, मग शिष्टाचार शिकवा. आणि ट्रॅकवर ई-बाइक चालतात का? मला २५०वॉटची घ्यायचीय.

स्पोककी
मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी आणि बॅटरीशिवाय वजन ६० किलोच्या आत असेल तर केंद्राच्या नियमांत ती मोटार वाहन धरली जात नाही. बरोबर २५० लिहिलेली असेल तर कागदपत्रं नीट वाचा. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

बोलार्डचं मात्र इथेच सांगतो, कारण ते खरंच धोक्याचे आहेत. हायब्रिडचं हँडल ६०-६८ सेंमी रुंद असतं. दोन बोलार्डमधून जाताना बोलार्डकडे बघायचं नाही, मोकळ्या जागेच्या पलीकडे बघायचं. नजर जिकडे, सायकल तिकडे. दुसऱ्या सायकलच्या मागे अगदी चिकटून असाल तर बोलार्ड शेवटच्या क्षणी दिसतो, म्हणून तिथे तीन सायकलींइतकं अंतर ठेवा.

ओला_पेव्हर
वेग! प्रश्नात पहिलाच होता आणि अजून कुणी आकडा दिला नाही.

कोरड्या वाटेवर ताशी १५ किमी असाल तर मेंदूला कळून बोटं दाबली जाईपर्यंत सुमारे ४ मीटर जातात आणि थांबायला आणखी ३, एकूण ७. तेच २५ ला १५ मीटर लागतात. ओल्यात रिम ब्रेक (तुमचे व्ही-ब्रेक त्यातलेच) निम्म्यानेच धरतात, कारण चाकाचा पहिला फेरा रिमवरचं पाणी पुसण्यातच जातो. १५ चे ७ मीटर १० होतात. म्हणून मोकळ्या वाटेवर १५, माणसं दिसली की १०-१२, गर्दीत चालण्याच्या वेगाला. २५ ने जायचं असेल तर मुख्य रस्त्यावर जा.

पावसाळ्यात पेव्हिंग ब्लॉकवर शेवाळ धरतं, आणि ड्रेनेजची लोखंडी झाकणं व पांढरे पट्टे ओले असले की निसरडे होतात. त्यांवरून सरळ जायचं, तिथे वळायचं नाही, ब्रेकही लावायचा नाही. जो काही वेग कमी करायचा तो आधी. ट्रॅक आणि रस्ता यांच्यामध्ये २-३ सेंमीची कड असते, तिला समांतर चढायला गेलात की पुढचं चाक घसरून आपण आडवे. कड ४५ अंशांहून जास्त कोनात ओलांडा. हवा ३५च्या टायरला, वजन ६०-७० किलो धरून, पुढे ४५ आणि मागे ५० पीएसआय. ओल्यात ५ ने कमी.

ब्रेकचे रबर दर आठवड्याला बघा. त्यात अॅल्युमिनियमचे चकाकते कण रुतले असतील तर टोकदार सुईने काढा आणि पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर ते रिम खातात. रिमपासून दोन्हीकडे दीड-दोन मिमी अंतर. लिव्हर हँडलच्या अर्ध्या वाटेपलीकडे जात असेल तर केबल ताणा. नवे चार रबर ३०० रुपये.

ओढणी सॅकमध्ये ठेवा, गळ्यात बांधूनही नको, टोक सुटलं की थेट मागच्या चाकात. सलवारचा उजवा पाय चेनच्या बाजूला, घोट्याला चमकणारा पट्टा गुंडाळा. त्याचा दुहेरी फायदा: पाय वरखाली होतो म्हणून अंधारात लांबून सायकल ओळखू येते. निऑन रंगाचं जॅकेट दिवसा उत्तम, रात्री त्याचा काही उपयोग नाही. रात्री प्रकाश परतवणारी पट्टीच हवी. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मीटरवर मिळते.

चेनगार्ड
४२चे टायर घातले तर हे कडेचं आणि शेवाळाचं टेन्शनच नाही. आणि हेल्मेटवर कॅमेरा लावा, ७-८ हजारांत चांगला येतो. आरसाही हवा.

ओला_पेव्हर
रुंद टायरला शेवाळावर जादा पकड मिळत नाही. कडेवर थोडा फायदा, बस. आरसा मात्र उजव्या हँडलच्या टोकाला लावण्याजोगा, ३०० रुपयांचा, घ्यावाच.

जुना_अॅटलस
खरा अपघात चालणाऱ्याशी होत नाही, गेटशी होतो. डावीकडे वळणारा गाडीवाला रस्त्यावरच्या गाड्या बघतो, ट्रॅककडे त्याचं लक्ष नसतं. प्रत्येक गेटला ताशी १० वर या, गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघा. ड्रायव्हरच्या मानेआधी चाक सांगतं तो कुठे निघालाय. बसथांब्याला उतरणारे प्रवासी थेट ट्रॅकवर पाय टाकतात, तिथे पीएमपीची बस उभी असेल तर तुम्हीही थांबा.

आणखी एक. जेएम रोड एकेरी. एका फेरीला तुम्ही ट्रॅकवर उलट दिशेने येणार, आणि गेटमधून निघणारा त्या बाजूला बघतच नाही. त्या फेरीला एफसी (फर्ग्युसन कॉलेज) रोड धरा, तोही एकेरी पण विरुद्ध दिशेचा.

ट्रॅक_कुठाय
मुठेच्या नदीपात्रातल्या रस्त्याने का जात नाही? सगळ्यात मोकळा.

सकाळचा_फेरा
खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली आणि पात्रातला रस्ता बंद. पावसाळ्यात त्या वाटेवर भिस्त ठेवता येत नाही.

हातात_हँडल
सगळ्यांचे आभार. ठरलं ते लिहिते.

हेल्मेट १,६००, दिव्यांचा संच १,२००, जुन्या पद्धतीची घंटी २००, मडगार्ड ५००, ब्रेकचे रबर ३००, चमकणारी पट्टी आणि घोट्याचा पट्टा २००. एकूण ४,०००. आरसा, कॅमेरा आणि ४२चे टायर घेत नाहीये. आरशात बघायच्या नादात समोरच्या माणसांवरची नजर हटेल असं मला वाटतं, गर्दीत मान वळवून बघेन. येतानाच्या फेरीला एफसी रोड, हे पटलं.

संध्याकाळच्या गर्दीचं मात्र तुमच्या कुणाच्याच सल्ल्याप्रमाणे करणार नाही. संभाजी उद्यानाजवळून कधी जावंच लागलं तर तो ४०० मीटरचा पट्टा सायकल हातात धरून चालेन. चालत पाच मिनिटं, सायकलवर दोन. तीन मिनिटांसाठी कुणाच्या आजीला दचकवायचं नाही.

चेनगार्ड
चालायचं तर सायकल कशाला? चालण्याच्या वेगाला गिअर कमी करून जाता येतं.

ओला_पेव्हर
ताशी ५ च्या खाली सायकल डुगडुगते आणि डुगडुगताना तीच जास्त जागा खाते, त्यांचं बरोबर आहे. हातात धरताना सायकल तुमच्या आणि रस्त्याच्या मध्ये ठेवा, म्हणजे पेडल चालणाऱ्यांच्या पोटरीला लागणार नाही. आणि मडगार्ड घेताना मागच्याला खाली रबरी फडकं आहे ना ते बघा, ५०० वाल्यांत बरेचदा नसतं. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून दोन स्क्रूंनी बसवता येतो.

हातात_हँडल
ट्यूब आहे घरी. बसवते.