ओकलंडमधून तीन संघ का गेले? आणि काही शहरांत ते का टिकतात?

प्रश्न : पूर्वखाडीकर

मी गेली अनेक वर्षे कॅलिफोर्नियात, ओकलंडजवळच्या फ्रीमाँट येथे राहतो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल उमगायला वेळ लागतो. मला तो ओकलंडच्या कोलिझियम या स्टेडियममध्ये, उजवीकडच्या स्वस्त बाकांवर, ढोल बडवणाऱ्या मंडळींच्या मागे बसून उमगला. बार्टमधून (येथील लोकल रेल्वेतून) उतरून जाळी लावलेल्या पादचारी पुलावरून चालत जायचे आणि आत शिरायचे, एवढाच सोहळा असे.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडचा बेसबॉल संघ ॲथलेटिक्स तेथे शेवटचा सामना खेळला. त्यांनी टेक्सास रेंजर्सना ३-२ असे हरवले आणि तो पाहायला ४६,८८९ प्रेक्षक आले होते. त्याआधी २०१९ मध्ये बास्केटबॉलचा वॉरियर्स संघ खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला आणि २०२० मध्ये अमेरिकन फुटबॉलचा रेडर्स संघ लास वेगासला गेला होता. पाच वर्षांत तीन संघ गेल्यावर दोष केवळ मालकांच्या हव्यासाला द्यावा, की शहराचेही काही चुकले? आणि जे संघ जागचे हलत नाहीत, त्यांना नेमके काय धरून ठेवते?

उत्तर : आकडेमोड

शेवटच्या दिवशीची गर्दी निरोप द्यायला आली होती. तिच्यावरून नेहमीच्या पाठिंब्याचा अंदाज बांधता येत नाही. २०२३ च्या संपूर्ण हंगामात मिळून सुमारे ८ लाख ३२ हजार प्रेक्षक आले, म्हणजे घरच्या ८१ सामन्यांना सरासरी दहा हजारांच्या जरा वर. मात्र त्याआधी मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन यांच्यासारखे खेळाडू इतर संघांना देऊन टाकलेले होते, तिकिटे महागली होती आणि स्टेडियमची दुरवस्था लपून राहिलेली नव्हती. दुकानदाराने आधी माल काढून घ्यावा आणि मग गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून गाशा गुंडाळावा, तसा हा प्रकार आहे. १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी ठरवून स्टेडियमवर गर्दी केली. हिरव्या सदऱ्यांवर ‘विका’ अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द होता आणि प्रेक्षकसंख्या होती २७,७५९. पाचव्या डावाच्या आरंभी सगळे उभे राहून गप्प झाले आणि त्यानंतर संघ विकण्याच्या मागणीचा एकच गजर सुरू झाला.

मूळ कारण मला लीगच्या रचनेत दिसते. मेजर लीग बेसबॉलमध्ये संघ ३० आणि संघ हवा असलेली शहरे त्याहून जास्त. एखादे शहर मोकळे असले की प्रत्येक मालकाला आपल्या महापौरासमोर तेथे जाण्याची भाषा करता येते. त्यातून बेसबॉलला १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळालेली आहे. आपल्या फ्रीमाँटमध्येच स्टेडियम बांधण्याची योजना २००६ मध्ये जाहीर झाली होती आणि २००९ मध्ये ती बारगळली, हे आपल्याला ठाऊक असेलच. पुढे सॅन होजेने संघ मागितला, तेव्हा तो मुलूख सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स या बेसबॉल संघाच्या हक्काचा असल्याचे उत्तर मिळाले. सॅन होजे न्यायालयात गेले, पण त्या १९२२ च्या सवलतीपुढे त्याचे काही चालले नाही.

शेवटची आशा ओकलंड बंदरातील हॉवर्ड टर्मिनलची जागा ही होती. तेथे मालकांना स्टेडियमबरोबर घरे, कार्यालये आणि दुकानेही उभारायची होती. हल्ली खरी कमाई तिकिटाइतकीच आजूबाजूच्या जमिनीत असते, आणि म्हणूनच वाटाघाटी इतक्या लांबतात. २०२३ च्या जूनमध्ये नेवाडा राज्याने लास वेगासमधील नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचे सार्वजनिक साहाय्य मंजूर केले आणि नोव्हेंबरमध्ये सर्व ३० संघमालकांनी स्थलांतराला एकमताने संमती दिली.

उत्तर : करदाता

वरील विवेचनात शहराचा इतिहास राहून गेला आहे. १९९५ मध्ये रेडर्सना लॉस एंजेलिसहून परत आणण्यासाठी ओकलंड शहर आणि अलामेडा काउंटी यांनी सुमारे २० कोटी डॉलरचे कर्ज काढून कोलिझियममध्ये एक उंच गॅलरी बांधली. त्या गॅलरीने बेसबॉलच्या प्रेक्षकांना दिसणाऱ्या टेकड्या झाकून टाकल्या. रेडर्स पुन्हा निघून गेले तेव्हाही त्या कर्जाची फेड संपलेली नव्हती. असे एकदा पोळलेल्या शहराने दुसऱ्यांदा खिसा मोकळा करण्यास कुरकुर केली, तर त्यात माझ्या मते चूक नव्हे, शहाणपण आहे.

सेंट लुईसचा करारही पाहण्यासारखा आहे. तेथील सार्वजनिक पैशातून बांधलेले स्टेडियम ठरावीक मुदतीत लीगमधील वरच्या दर्जाच्या स्टेडियमांत गणले जाईल, अन्यथा अमेरिकन फुटबॉलचा रॅम्स संघ मोकळा, असे कलम त्यात होते. वीस वर्षांनी तो दर्जा राखायचा कोणी? रॅम्स २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला परतले. स्थलांतराचे स्वतःचेच नियम लीगने पाळले नाहीत, असा दावा शहराने लावला आणि २०२१ मध्ये तो ७९ कोटी डॉलरवर मिटला. संघ मात्र गेला तो गेलाच.

उत्तर : बालेवाडीचा प्रेक्षक

आमचा एफसी पुणे सिटी हा फुटबॉल (सॉकर) संघ २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. त्या सुमारास पुण्यात त्याची चर्चा किती झाली, हे आठवून पाहावे. ओकलंडकर निदान रडले तरी.

उत्तर : वसुधा

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल लिहिते. ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचे गाव आहे, तरी तेथील अमेरिकन फुटबॉलचा संघ पॅकर्स तेथून हललेला नाही. १९२३ पासून तो संघ भागधारकांचा आहे. आज त्यांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे, त्यांना लाभांश मिळत नाही आणि संघ विकलाच तर पैसा धर्मादाय संस्थेला जाईल अशी घटनेतच तरतूद आहे, त्यामुळे तो विकण्यात कोणाचाच लाभ नाही. शिवाय अमेरिकन फुटबॉल लीगच्या राष्ट्रीय प्रक्षेपणाचे उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जाते, म्हणून लहान गावालाही निभावते. अशी मालकी आता नव्या संघाला घेता येत नाही. लीगच्या नियमांनी ती वाट बंद केली आहे.

पूर्वखाडीकर

सर्वांचे आभार. मग सॅक्रामेंटोने आपला बास्केटबॉल संघ किंग्ज कसा राखला? तेथे तर भागधारक नव्हते.

आकडेमोड

तेथे तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या. २०१३ मध्ये किंग्ज सिॲटलच्या खरेदीदारांना विकण्याचे जवळपास ठरले होते. महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः माजी बास्केटबॉलपटू असल्याने त्यांना लीगची दारे ठोठावता आली. शहराने नव्या सभागृहासाठी सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर देऊ केले. आणि मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे खरेदीदार म्हणून पुढे आले. संघमालकांनी स्थलांतर २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळले. म्हणजे पैसा येथेही द्यावा लागलाच. फक्त तो वेळेवर आणि शहरात राहू इच्छिणाऱ्या मालकाबरोबर दिला गेला.

गंमत अशी की लास वेगासचे स्टेडियम उभे राहीपर्यंत ॲथलेटिक्स २०२५ पासून त्याच परिसरात, वेस्ट सॅक्रामेंटोमध्ये, रणदिवे यांच्याच दुय्यम दर्जाच्या लीगमधील बेसबॉल संघाच्या, सुमारे चौदा हजारांच्या मैदानावर खेळत आहेत. आपल्याला फ्रीमाँटहून जाऊन पाहता येईल, पण संघाच्या नावात सध्या कोणत्याच शहराचे नाव नाही.