वर्डचं ऑटोकरेक्ट बंदच ठेवा, अर्ज टाइप करणाऱ्यांनी तर नक्कीच

शिवारटायपिस्ट:
तहसीलसमोर बसून अर्ज टाइप करून देणाऱ्यानं वर्डचं हे आपोआप दुरुस्ती करणारं ऑटोकरेक्ट पहिले बंद करावं, मग गिऱ्हाईक घ्यावं. गट नंबर १/२ इंग्रजी आकड्यात टाकला अन् स्पेस दाबला की त्याचा बारकासा अपूर्णांक होते, वर एक खाली दोन, पण १/३ टाकला तर जसाच्या तसा राह्यते. वाटणीच्या अर्जात असं कुठं अर्धं कुठं पूर्ण दिसलं तर भाऊबंद आधीच टपून असतात! कृतिदेवमधे, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमधे, तर विचारूच नका. छोटा डी म्हणजे क, शिफ्टसोबत अर्धा क्. वर्डले वाटते इंग्रजी वाक्य सुरू झालं, तो पहिलं अक्षर मोठं करते अन् ओळीच्या सुरुवातीचा कापूस लंगडा होते.

मास्तर_वरूडकर:
असहमत. दोन खुणा काढायच्या तर पूर्ण कारखानाच बंद कायले करता? फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. तिथं वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायची टिक काढा, अन् ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइपच्या टॅबमधून फ्रॅक्शन्सची. झालं. बाकी राहू द्या, मी तर त्याच्या यादीत भरून ठेवलं, "तसका" टाकतो अन् "मा. तहसीलदार साहेब, तहसील कार्यालय" अशी पूर्ण ओळ येते, ते ऑटोकरेक्टच आहे ना राजेहो.

संत्रा_बागायतदार:
मास्तर, दुकानात तीन पोरं टाइप करतात, कोणाच्या ध्यानात राह्यते कोणती टिक काढली अन् कोणती नाही. मी शिवारटायपिस्टच्या बाजूनं.

युनिकोडवाला:
अहो मूळ दुखणं कृतिदेव आहे. युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत, त्या मराठीत लहान-मोठं अक्षर नसतेच, मग कॅपिटल करन काय?

शिवारटायपिस्ट:
हे मान्य, पण आमच्याकडचे जुने नमुने सगळे कृतिदेवात, ते बदलाले कोण बसन? अन् १/२ चं भूत युनिकोडमधेही येते. मास्तर, तुमची तसकाची युक्ती भारी, तेवढी ठेवतो. पण आपोआप नंबरिंग? एक मुद्दा लिहून एंटर मारला की दुसरा आकडा हा स्वतःच टाकते, मग समास सरकते, अन् अर्जदाराच्या सहीपर्यंत सगळं तिरपं.

मास्तर_वरूडकर:
त्याच वेळी कंट्रोल झेड दाबा, फक्त आपोआप झालेला बदल जाते, तुमचं टाइप केलेलं राह्यते. चाळीस मुद्द्यांचा ठराव हातानं नंबर देऊन पाहा, मधात एक मुद्दा घुसवा, मग सांगा.

संत्रा_बागायतदार:
ठराव ग्रामसेवकाले लिहू द्या, अर्जाचं बोला. अजून एक, ही सेटिंग फाईलमधे नाही, मशीनमधे राह्यते. आपण बंद केली अन् फाईल पेनड्राइव्हवर दिली, पुढच्यानं त्याच्या मशीनवर गट नंबर पुन्हा टाइप केला तर पुन्हा तेच.

शिवारटायपिस्ट:
म्हणून मी वर्डची फाईल देतच नाही, पीडीएफ देतो. दुरुस्ती पाहिजे असन तर माह्याच दुकानात या, दहा रुपये.