मदत हवी आहे: 'मेट्रोपोलिस'ची कोणती आवृत्ती दाखवू?

फिल्म क्लबात फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' (१९२७) दाखवायचाय. प्रेक्षक बहुतेक कॉलेजातले, मूकपट पहिल्यांदाच पाहणारे. दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या इंग्रजीत चालतील. सभागृह सव्वादोन तासच मिळतंय, तेही ओळखीवर. वेळ वाढणार नाही.

२००८ मध्ये ब्यूनस आयर्सला सापडलेल्या प्रतीतली दृश्यं जोडलेली २०१० ची आवृत्ती जवळपास अडीच तासांची. २००१ ची सुमारे दोन तासांची. ती पाहिली, पण हरवलेल्या प्रसंगांच्या जागी नुसत्या पाट्या येतात आणि पाळत ठेवणाऱ्या त्या हडकुळ्या माणसाचं उपकथानक पारच लंगडं पडतं. जॉर्जिओ मोरोडरची १९८४ ची, रॉक गाण्यांवाली, कृपया सुचवू नका. (शहराच्या दृश्यांवर ती गाणी! असो.)

नवख्यांना २००१ ची पुरेल, की २०१० ची दोन रविवारी दाखवू? दाखवायची तर पहिल्या दिवशी नेमकी कुठे थांबवू?