फायबरच्या मासेमारी बोटीवर आग आणि गळती यांसाठी नेमकी कोणती तयारी ठेवावी?

प्रश्न: नाखवा, हर्णै

सर्वांना नमस्कार. माझी फायबरची मासेमारी बोट पन्नास फुटी असून तिच्यावर सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) धरून आम्ही आठ जण पाच-सहा दिवसांच्या फेरीला जातो. मागच्या हंगामात आमच्या ओळखीची एक बोट रात्री भर समुद्रात इंजिनरूममधून पेटली आणि बघता बघता पाण्याच्या रेषेपर्यंत जळाली. जवळच जाळे टाकून असलेल्या बोटीने माणसे उचलली म्हणून सगळे वाचले. तेव्हापासून माझ्या डोक्यातून तो विषय जात नाही.

पावसाळी बंदीत बोट वर ओढल्यावर मी माझी दोन्ही अग्निशामक सिलिंडरे काढून पाहिली. एकाची पिन गंजून इतकी घट्ट बसली होती की ती पकडीनेही निघेना. दुसऱ्याचा काटा हिरव्या पट्ट्यात होता, परंतु दाबल्यावर नुसती हवा आली. सर्व्हिसवाल्याने उघडून दाखवले तेव्हा आतल्या पावडरचा तळाशी दगड झालेला होता. गळतीसाठी तर चिंध्या, बादल्या आणि बॅटरीवरचा एक पंप एवढेच आहे. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात जाईल. त्याआधी काय घ्यावे, कुठे लावावे आणि प्रत्यक्ष आग लागली तर कोणत्या क्रमाने काय करावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

उत्तर: निवृत्त मुख्य अभियंता, व्यापारी जहाजे

नाखवा, तुम्ही सिलिंडर स्वतः दाबून पाहिलेत हे फार चांगले केलेत. पावडरच्या सिलिंडरचा काटा फक्त आतला दाब सांगतो, पावडरची अवस्था सांगत नाही. इंजिनच्या सततच्या हादऱ्याने पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून महिन्यातून एकदा सिलिंडर उलटे करून तळावर हाताने थोपटावे आणि आत पावडर सरकल्याचे जाणवते का ते पाहावे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो. त्याचे वजन करावे लागते आणि गॅस दहा टक्क्यांहून अधिक घटला असेल तर तो पुन्हा भरून घ्यावा लागतो.

आता आगीच्या मुळाकडे येऊ. इंजिनरूममधील आग बहुतेक वेळा एकाच प्रकारे सुरू होते: डिझेलची नळी चिरते किंवा तिचा सांधा सैल होतो आणि तेलाचा फवारा एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या, तापलेल्या भागावर पडतो. मोठ्या जहाजांसाठीच्या सोलास (समुद्रावरील जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) नियमांनुसार २२० अंश सेल्सिअसच्या वर तापणारे आणि तेल उडू शकेल असे सर्व पृष्ठभाग लॅगिंगने, म्हणजे उष्णतारोधक वेष्टनाने, झाकावे लागतात. भाराखाली चालणाऱ्या इंजिनचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड याहून बराच जास्त तापतो. त्यामुळे खरेदीला निघण्यापूर्वी तुमच्या एक्झॉस्टचे लॅगिंग कुठे फाटले आहे, ते तेलाने भिजले आहे का, हे पाहा. तेल प्यायलेले लॅगिंग उघड्या पाइपपेक्षाही वाईट. अनेक बोटींवर डिझेलच्या परतीसाठी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी लावलेली मी पाहिली आहे. ती आगीत पहिल्या मिनिटातच वितळते आणि मग टाकीच आगीला तेल पुरवत राहते. ती नळी आजच काढून टाका.

जहाजावर तेलटाकीची झडप इंजिनरूमच्या बाहेरून तार ओढून बंद करता येते. तुमच्या टाकीच्या झडपेलाही दांडा किंवा तार जोडून तिचे टोक डेकवर आणा. गावातला फॅब्रिकेटर हे काम एका दिवसात करून देईल आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या खर्चातला हा सर्वांत मोलाचा खर्च ठरेल.

गॅस किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. जहाजाच्या इंजिनरूमसाठी सर्वसाधारणपणे तिच्या घनफळाच्या ४० टक्के जागा भरेल इतका कार्बन डायऑक्साइड धरतात आणि एक किलो गॅस ०.५६ घनमीटर जागा व्यापतो असे मानतात. तुमची इंजिनरूम चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच असेल, तर घनफळ १८ घनमीटर झाले. त्याचे ४० टक्के म्हणजे ७.२ घनमीटर आणि त्यासाठी सुमारे १३ किलो गॅस लागेल. साडेचार किलोची तीन सिलिंडरे तेवढा गॅस देतात. मात्र खोली बंद असेल तरच हा हिशेब लागू पडतो. हवेचा एक पाइप उघडा राहिला तरी गॅस वाया जातो, आणि इंजिन चालू राहिले तर ते हवेबरोबर तुमचा गॅसही ओढून बाहेर टाकते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी ओरडून सर्वांना सावध करा आणि माणसे मोजा, मग इंजिन आणि पंखा बंद करा, डेकवरून तेलाची झडप ओढा, हवेची सर्व तोंडे झाका आणि त्यानंतरच गॅस सोडा. माणसे मोजण्याची पायरी घाईत गाळू नका, कारण जो गॅस आग विझवतो तोच आत राहिलेल्या माणसाचा जीव घेतो. इंजिनरूमचे झाकण उघडून आत फवारा मारण्याचा मोह आवरा. झाकणालाच दोन इंची भोक पाडून त्यावर फिरती पट्टी बसवा. पट्टी सरकवून सिलिंडरचे तोंड आत घालता येते आणि आगीला नवी हवा मिळत नाही. पावडरची सहा किलोची दोन सिलिंडरेही ठेवा, पण ती नुकत्याच लागलेल्या लहान आगीसाठी. त्यांचा फवारा दहा-पंधरा सेकंदांत संपतो.

एक अनुभव मुद्दाम सांगतो. मी तिसरा अभियंता असताना आमच्या जहाजावर जनरेटरची नळी फुटून आग लागली. गॅस सोडला, धूर थांबला आणि आग विझली असे वाटून अर्ध्या तासातच वरिष्ठांनी दार किलकिले केले. आतले लोखंड अजून तापलेले होते. हवा आत जाताच दाराच्या फटीतून पिवळी ज्वाळा हातभर बाहेर आली, आणि आमच्याकडे सोडायला दुसरा गॅस उरलेला नव्हता. पुढचे सहा तास आम्ही होजपाइप धरून उभे होतो. तुम्ही झाकणावर पालथा हात ठेवून पाहा, ओली गोणपाटे टाकून ते थंड करत राहा, आणि निदान काही तास तरी उघडू नका.

उत्तर: नौदलातून निवृत्त, डॅमेज कंट्रोल शाखा

आगीबाबत वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी गळतीबद्दल लिहितो. पाण्याच्या पातळीखाली एक मीटरवर पन्नास मिलिमीटरचे, म्हणजे थंड पाणी ओढणाऱ्या साध्या नळीएवढे भोक पडले, तर मिनिटाला सुमारे ३०० लिटर पाणी आत येते. पंधरा लिटरच्या वीस बादल्या दर मिनिटाला बाहेर फेकू शकणारी माणसे कोणत्याही बोटीवर नसतात, आणि बॅटरीवरचे लहान पंपही एवढे पाणी काढत नाहीत. त्यामुळे आधी भोक बुजवायचे आणि मग उपसायचे. भोक निम्मे बुजले तरी तुमचा पंप उरलेल्या पाण्याला पुरा पडू शकतो.

यासाठी मऊ लाकडाच्या निमुळत्या खुंट्या करून घ्या. सावरीचे किंवा पांगाऱ्याचे लाकूड चालेल. ते भिजून फुगते आणि घट्ट बसते. सागवान यासाठी घेऊ नये. बोटीच्या तळातून जाणाऱ्या प्रत्येक झडपेशेजारी तिच्या मापाची एक खुंटी दोरीने बांधून ठेवा, कारण अंधारात गुडघाभर पाण्यात पेटी शोधत बसायला वेळ नसतो. खुंटीला जुने सुती कापड गुंडाळून ती हातोडीने बसवा, मात्र फायबर चिरलेले असेल तर जोर बेताने लावा, नाहीतर चीर वाढते. लांब चिरेवर रबराची शीट, तिच्यावर फळी आणि फळीला समोरच्या भक्कम आधारावरून वाशाचा टेकू द्यावा. टेकू पाचरींनी आवळावा. बाहेरून ताडपत्री दोरांनी तळाखाली ओढून घेतली तर पाण्याचाच दाब ती भोकावर दाबून धरतो. जुन्या शिडाच्या जहाजांपासून चालत आलेला हा उपाय आजही तितकाच खरा आहे. पाण्यात धरणारी इपॉक्सी पुटी, होजक्लॅम्प आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडेही पेटीत असू द्या.

आग पाण्याने विझवताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’ या प्रचंड प्रवासी जहाजाला आग लागली. आग आटोक्यात आली, पण विझवण्यासाठी ओतलेले पाणी वरच्या मजल्यांवर साचून ते जहाज धक्क्यालाच कलंडले. मोकळे पाणी बोटीच्या प्रत्येक झोक्याबरोबर खालच्या बाजूला धावते आणि कल वाढवते. एक जण पाणी मारत असताना दुसऱ्याने पंपावर आणि डेकवरचे पाणी बाहेर जाण्याच्या भोकांवर लक्ष ठेवायलाच हवे; ती भोके जाळ्यांनी किंवा माशांच्या टोपल्यांनी अडलेली नसावीत.

उत्तर: तांडेल, रत्नागिरी

नाखवा, स्वयंपाकाच्या गॅसबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो उडून जात नाही, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, जाऊन साचतो आणि इंजिन सुरू करतानाच्या ठिणगीने पेटतो. आम्ही सिलिंडर डेकवर उघड्या जागी बांधतो आणि जेवण झाले की गॅस शेगडीकडून नव्हे, सिलिंडरवरच्या रेग्युलेटरनेच बंद करतो. दुसरे म्हणजे, आमच्या बोटीवर लाइफजॅकेट, डॅट (संकटाचा इशारा पाठवणारे यंत्र) आणि वायरलेस हे सर्व केबिनमध्ये होते आणि केबिन नेमकी इंजिनरूमच्या डोक्यावर. आता लाइफजॅकेट आणि डॅट आम्ही पुढे नाळेकडच्या पेटीत हलवले आहेत. आग दिसताच एकाने वायरलेसवर चॅनल १६ वरून हाक द्यायची, हे त्याचे ठरलेलेच काम. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.

प्रश्नकर्ता: नाखवा, हर्णै

सर्वांचे मनापासून आभार. आज टेप घेऊन इंजिनरूम मोजली. घनफळ २१ घनमीटर भरले, म्हणजे हिशेबाने १५ किलो गॅस लागेल. प्लॅस्टिकची नळी काढली. ती एक्झॉस्टपासून वीतभरही दूर नव्हती, हे पाहून अंगावर काटा आला. एक शंका राहिली आहे. गॅसची सिलिंडरे इंजिनरूमच्या दाराशी आतून लावली तर उन्हापावसापासून सुरक्षित राहतील. तसे चालेल का?

उत्तर: निवृत्त मुख्य अभियंता, व्यापारी जहाजे

नाही, आत अजिबात लावू नका. आग लागल्यावर तुम्हाला तिथे पोहोचता येणार नाही. डेकवर, झाकणाच्या भोकापासून दोन पावलांवर, सावलीत आणि वाऱ्याच्या बाजूने जाता येईल अशा जागी पेटी करा. पेटीला कुलूप नको. साडेचार किलोची तीन सिलिंडरे तुम्हाला कमी पडतील, चौथे घ्या. पिनांना ग्रीस लावा आणि बोट पाण्यात जाण्यापूर्वी आठही जणांना एकेकदा, डोळ्यांवर फडके बांधून, तिथपर्यंत जायला लावा.