भिंतीला ओल, कपाटात बुरशी: दुरुस्ती कोणाची?

सुईदोरा_कर्वेनगर:
नमस्कार मंडळी. कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, लिव्ह अँड लायसन्सचा रजिस्टर्ड करार आहे. मी घरीच ब्लाउज शिवते. पाऊस लागल्यापासून बेडरूमची एक भिंत फुगलीय, रंगाचे पोपडे सुटतायत आणि कपाटामागे काळी बुरशी धरलीय. परवा गिऱ्हाइकाची पैठणी काढली तर आतल्या फॉलला ठिपके! काठ वाचला म्हणून, नाहीतर माझी शिलाई किती आणि ती पैठणी कितीची. मुलगा रात्री खोकतो ते वेगळंच.

घरमालक काकांना फोटो पाठवले. म्हणाले, "ताई, पावसाळ्यात पुण्यात कुणाच्या घरी ओल नसते? तुम्ही घरात कपडे वाळत घालता, त्याने होतं." आता पावसात कपडे काय वेताळ टेकडीवर नेऊन वाळत घालू? वर म्हणतात, दिवाळीनंतर रंगकाम काढू आणि खर्च डिपॉझिटमधून वळता करू. हे बरोबर आहे का? मीच दुरुस्ती करून भाड्यातून पैसे कापले तर चालेल का?

गिलावा_आणि_गप्पा:
साइटवर आयुष्य गेलं माझं, म्हणून आधी विचारतो: ओल भिंतीच्या कुठल्या भागात आहे? छताजवळ असेल तर वरच्यांचं बाथरूम किंवा गच्ची. फरशीलगत पट्टा असेल तर शेजारच्या बाथरूमचे सांधे किंवा भिंतीतला पाइप. खिडकीखाली असेल आणि भिंत पश्चिमेची असेल तर बाहेरच्या गिलाव्याला भेग. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंती आधी पाणी पितात.

काकांचं कपड्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. बंद खोलीत वाफ साचली की थंड भिंतीवर बुरशी येते. पण त्याने सहसा भिंत फुगत नाही, पोपडे सुटत नाहीत. खात्री हवी असेल तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा. दोनेक दिवसांनी थेंब तुमच्या बाजूला दिसले तर खोलीतली वाफ, प्लॅस्टिकच्या आत दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. त्याचाही फोटो ठेवा.

आणि ओल्या भिंतीवर रंग मारू देऊ नका. कंपनी डब्यावर काहीही लिहो, आतलं पाणी तो रंग फेकून देणारच. आधी पाणी थांबवायचं, मग भिंत खडखडीत वाळू द्यायची, मग लांबी (पुट्टी) आणि रंग.

वकीलीणबाई_शनिवारपेठ:
भाडं कापायची घाई नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 मध्ये घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी घरमालकावर आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. मात्र ते कलम भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्ही कायद्याने भाडेकरू नाही, परवानाधारक, म्हणजे घर वापरायची फक्त परवानगी असलेल्या. त्यामुळे त्याच्या भरवशावर भाडं अडवलंत तर उलट तुमच्यावरच थकबाकीचा ठपका येईल.

तुमचं शस्त्र म्हणजे करार. देखभालीचं कलम काढून वाचा. बहुतेक करारांत, परवानाधारकाने केलेलं नुकसान त्याने भरून द्यायचं, नेहमीची झीज सोडून, असं असतं. बाहेरून मुरलेलं पाणी तुम्ही केलेलं नुकसान नाही, मग त्या कलमाखाली रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापता येत नाहीत. शिवाय भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882 च्या कलम 57 प्रमाणे, परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालाला धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. मागच्या भाडेकरूच्या वेळीही ओल होती का, ते शेजारी विचारा. काकांना फोन नको, तारखेसह व्हॉट्सॲप आणि ईमेल करा.

दोन_फ्लॅटचा_धनी:
मी स्वतः घरमालक आहे. भिंत बाहेरची असेल तर काकांचाही खर्च नाही हो! सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाझरत असेल तर वरच्या सभासदाने. पण अर्ज सभासदाच्या, म्हणजे फ्लॅटमालकाच्या सहीने गेला पाहिजे, भाडेकरूचं पत्र कमिटी बाजूला ठेवते. एका कागदासाठी हे गृहस्थ तुमच्याशी का भांडतायत कळत नाही.

सुईदोरा_कर्वेनगर:
सगळ्यांचे आभार. भिंत पश्चिमेचीच, ओल खिडकीखाली. प्लॅस्टिक लावलं होतं, थेंब आतल्या बाजूला. खाली पार्किंगमधून पाहिलं तर भेग स्पष्ट दिसते. कपाट भिंतीपासून लांब ओढलंय, पैठण्या आईकडे हलवल्या.

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. सेक्रेटरींना भेटले. काकांचा मेंटेनन्स थकलाय, म्हणून ते सोसायटीत तोंड दाखवत नाहीत! आता सोसायटी त्यावरून दुरुस्ती अडवेल का?

वकीलीणबाई_शनिवारपेठ:
थकबाकी वसूल करायचे मार्ग सोसायटीकडे वेगळे आहेत. बाहेरची भिंत सोसायटीचीच राहते. अर्ज तुम्ही टाइप करा, फोटो जोडा, काकांकडून फक्त सही घ्या आणि पोच मात्र शिक्क्यासह घ्या.